चोरी झाली, तर आधी बो स्ट्रीटला कळवा

अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये कुणाचं घड्याळ चोरीला गेलं, तर चोर शोधण्याचं काम ज्याचं घड्याळ त्याचंच असे. शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात, पण पोलीस खातं नावाची गोष्ट नव्हती. प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, थोडे कॉन्स्टेबल असत. ते नोकरदार नव्हेत. तिथल्याच दुकानदारांवर आणि कारागिरांवर वर्षभरासाठी पाळीपाळीने लादलेलं ते बिनपगारी काम होतं. ऐपत असलेला माणूस चार पैसे देऊन आपल्या जागी दुसऱ्याला उभा करी. रात्री कंदील आणि काठी घेऊन फिरणारे पहारेकरी होते, पण त्यांचा पगार तुटपुंजा आणि उपयोगही तेवढाच. चोराचा माग काढणं, वॉरंट मिळवणं, साक्षीदार जमवणं, खटला उभा करणं हा सगळा खटाटोप फिर्यादीचा आणि खर्चही बहुतेक त्याचाच. सरकारी वकील कोर्टात उभा राहत नसे.

चोर सापडलाच, तर कायदा मात्र अंगावर काटा आणणारा. खिशातून नकळत शिलिंगभराहून जास्त किमतीची वस्तू काढली, दुकानातून पाच शिलिंगांचा माल लांबवला किंवा राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज नेला, तर कागदावर फाशी. सापडण्याची भीती जवळजवळ नाही आणि सापडलं तर गळ्याला दोर, असा तो विचित्र हिशेब होता. चोरून नेलेल्या वस्तूपायी माणूस फासावर चढवायचा का, या विचाराने पुष्कळजण फिर्यादच करत नसत. ज्यूरीही कित्येकदा मालाची किंमत मुद्दाम कमी धरून आरोपीचा जीव वाचवी. चोरांना हे चांगलंच ठाऊक होतं.

या व्यवस्थेच्या मधोमध बसलेला माणूस म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. मुंबईच्या जुन्या नावांपुढे 'जे.पी.' ही अक्षरं वाचकांनी पाहिली असतील. १८३०च्या दशकात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांना मिळालेलं पद हेच. लंडनमध्ये या पदाला रोजचं काम होतं. फिर्याद आली की वॉरंट काढायचं, फिर्यादीची आणि साक्षीदारांची जबानी लिहून घ्यायची, आरोपीला न्यूगेटच्या तुरुंगात धाडायचं किंवा जामिनावर सोडायचं, आणि 'खटल्याला हजर राहीन' असा फिर्यादीकडून मुचलका लिहून घ्यायचा. भटके, दारुडे, किरकोळ भानगडी करणारे यांना तो स्वतःच्या अधिकारात सुधारगृहात पाठवू शके. गंभीर गुन्ह्यांचे खटले ओल्ड बेलीच्या कोर्टात ज्यूरीपुढे चालत. ती सत्रं वर्षातून आठ वेळा भरत.

या पदाला पगार नव्हता. खेड्यापाड्यांतल्या जमीनदारांना त्याचं काही वाटत नसे, त्यांना मान पुरे होता. लंडनमध्ये मात्र कामाचा रगाडा एवढा, की प्रतिष्ठित माणसं तिकडे फिरकत नसत. मग जे येत ते वॉरंटामागे, जामिनामागे मिळणाऱ्या फीवर जगत. भांडणं मिटवण्यापेक्षा वाढवण्यात त्यांचा फायदा. लोक त्यांना 'धंदेवाईक जस्टिस' म्हणत.

बो स्ट्रीटची गोष्ट अशाच एका मॅजिस्ट्रेटपासून सुरू होते. कर्नल थॉमस डी व्हेल या माजी लष्करी अधिकाऱ्याने १७४०च्या सुमारास कॉव्हेंट गार्डनजवळ या रस्त्यावर आपलं कार्यालय थाटलं. माणूस हुशार आणि धाडसी, गुन्ह्याचा तपास जातीने करणारा. पण फीचा मोहही त्याला सुटला नव्हता. जिनची चोरटी विक्री करणाऱ्यांच्या तो हात धुऊन मागे लागला, तेव्हा लोकांनी त्याच्या नावाने खडे फोडले. चित्रकार विल्यम होगार्थच्या १७३८च्या 'रात्र' या चित्रात एक झिंगलेला इसम रस्त्यातून चालला आहे आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर घाण ओतली जात आहे. तो इसम म्हणजे डी व्हेलच, असं मानतात.

डी व्हेलनंतर दोन वर्षांनी, १७४८मध्ये, तिथे आला हेन्री फील्डिंग. 'टॉम जोन्स' ही कादंबरी लिहिणारा तोच. नाटकांवर सरकारी बंधनं आल्यावर हा नाटककार वकिलीकडे वळला होता आणि पैशाच्या ओढगस्तीत मॅजिस्ट्रेट झाला. त्याने गरिबांकडून फी उकळणं सोडून दिलं. वर्षाकाठी पाचशे पौंडांची गलिच्छ कमाई आपण तीनशेच्या आसपास आणली आणि त्यातलाही मोठा वाटा कारकुनाला गेला, असं त्याने शेवटच्या दिवसांत लिहून ठेवलं आहे. कॉन्स्टेबलची मुदत संपलेली, पण कामात तयार झालेली सहा-सात माणसं त्याने हाताशी धरली. पुढे हीच 'बो स्ट्रीट रनर्स' म्हणून नावारूपाला आली. १७५३मध्ये खून-दरोड्यांचा कहर झाला, तेव्हा त्याने सरकारकडे सहाशे पौंड मागितले. लगेच हातात पडले दोनशे. तेवढ्यावर त्याने एक टोळी मोडली. पण तब्येत पार ढासळली होती. १७५४मध्ये हवापालटासाठी तो लिस्बनला गेला आणि तिथेच वारला.

त्याच्या खुर्चीवर बसला त्याचा सावत्रभाऊ जॉन फील्डिंग. वय बत्तीस-तेहतीस, आणि दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा.

जॉनचा जन्म १७२१चा. तरुणपणी नौदलात असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अपघातात त्याची दृष्टी गेली. पुढे भावाच्या हाताखाली तो कायदा शिकला. पण मॅजिस्ट्रेट होण्याआधी दोघा भावांनी केलेला एक धंदा जास्त महत्त्वाचा आहे. १७५०मध्ये त्यांनी स्ट्रँड रस्त्यावर एक नोंदणी कार्यालय काढलं. ज्याला नोकर हवा त्याने नाव नोंदवायचं, ज्याला नोकरी हवी त्यानेही नोंदवायचं. घर भाड्याने देणारा आणि घेणारा, कर्ज देणारा आणि मागणारा, सगळ्यांची नोंद एका वहीत. माणसाला जे हवं ते शहरात कुठे ना कुठे असतंच, फक्त दोघांची गाठ पडत नाही, हा त्यामागचा विचार. हा धंदा जॉन चालवी.

माझ्या मते जॉन फील्डिंगच्या पुढच्या पंचवीस वर्षांची किल्ली या कार्यालयात आहे. त्याने गुन्ह्यांचं नोंदणी कार्यालय काढलं. ज्याचं घड्याळ गेलं त्याला चोर माहीत नसतो, आणि ज्याच्याकडे घड्याळ विकायला येतं त्याला मालक माहीत नसतो. या दोघांची गाठ चोर पसार व्हायच्या आत घालून द्यायची, एवढंच काम.

ते कसं चाले, हे पायरीपायरीने पाहू. पहिली पायरी खबर. १७५५मध्ये त्याने लंडनभोवतीच्या वीस मैलांसाठी एक योजना छापली. त्या भागातल्या बंगलेवाल्यांनी वर्गणी काढून निधी जमवायचा. कुठे वाटमारी झाली, की त्या निधीतून घोडेस्वार जासूद सुटायचा. त्याच्याजवळ चिठ्ठी असायची आणि तिच्यात काय गेलं, चोर दिसायला कसा, घोडा कोणत्या रंगाचा, हे लिहिलेलं. जासुदाने वाटेतल्या प्रत्येक टोलनाक्यावर आणि खानावळीत ते सांगत सांगत बो स्ट्रीट गाठायचं. म्हणजे खबर लंडनला पोहोचेपर्यंत अर्धी नाकाबंदी झालेली. नाकेदाराला यासाठी वेगळा पगार लागत नव्हता, कारण तो तसाही दिवसरात्र रस्त्यावर डोळे लावून बसलेला असे.

दुसरी पायरी जाहिरात. 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' या दैनिकात बो स्ट्रीटच्या सूचना छापून येत. चोरीचा माल, त्याचं वर्णन, संशयिताचा चेहरामोहरा, आणि शेवटी विनंती, की माहिती मिळताच फील्डिंगना कळवा. त्याच्या लेखी या सूचनांचे खरे वाचक होते गहाणावर पैसे देणारे सावकार. चांदीचे चमचे, घड्याळं, अंगठ्या हा माल शेवटी त्यांच्याच दुकानी यायचा. सावकाराने रोज सकाळी पेपर वाचावा, संशयास्पद गिऱ्हाईक आलं तर त्याला बोलण्यात गुंतवावं आणि पोऱ्याला बो स्ट्रीटवर पिटाळावं, एवढी अपेक्षा. एरवी चोरीचा माल घेतो म्हणून बदनाम असलेला माणूस अशाने खबरी झाला.

तिसरी पायरी पाठलाग. बो स्ट्रीटवर माणसं कायम तयार असत. गणवेश नाही, लोकांत त्यांची ओळख 'फील्डिंगची माणसं' अशी. सरकारकडून सुरुवातीला वर्षाला दोनशे पौंड, १७५७पासून चारशे. त्यात कारकून, जाहिराती, घोडी, माणसं सगळं भागवायचं. म्हणून रनर्सची खरी मिळकत बक्षिसांवर. वाटमाऱ्याला दोषी ठरवलं की संसदेच्या कायद्याने चाळीस पौंड मिळत, कारागिराच्या वर्षभराच्या मजुरीहून अधिक.

इथे एक मोठा सापळा होता. चाळीस पौंडांसाठी निरपराध माणसालाही फासावर चढवता येत होतं. १७२५मध्ये फाशी गेलेला जोनाथन वाइल्ड हा चोर पकडणाराही होता आणि चोरांचा म्होरक्याही. जॉन खुर्चीवर आला त्याच वर्षी मॅकडॅनियल टोळीचं प्रकरण उघडकीस आलं. ही मंडळी कोवळ्या पोरांना फूस लावून गुन्हा करायला लावत, मग त्यांनाच पकडून देऊन बक्षीस वाटून घेत. यातल्या एकाला १७५६मध्ये खोड्यात उभं केलं, तेव्हा जमावाने दगडांनी त्याचा जीव घेतला. अशा वातावरणात फील्डिंगला आपल्या माणसांची अब्रू सांभाळायची होती. ही माणसं निवडक आहेत, माझ्या नजरेखाली आहेत, असं तो छापील पत्रकांतून पुन्हा पुन्हा सांगे. बक्षिसाची पद्धत मात्र त्याने मोडली नाही, त्याला ती परवडणारीही नव्हती.

हे सगळं जुळून आलं की काय होई, याचा नमुना म्हणजे जॉन रॅन, ऊर्फ 'सोळा दोऱ्यांचा जॅक'. हा नखरेल वाटमाऱ्या विजारीच्या गुडघ्यांशी रंगीत दोऱ्या सोडून फिरायचा. त्याला बो स्ट्रीटवर कितीदा आणलं तरी ओळख पटवणारा साक्षीदार नीट उभा राहत नसे आणि फील्डिंगला चार शब्द सुनावून त्याला सोडावं लागे. एकदा तर पायातल्या बेड्यांना निळ्या फिती बांधून आणि छातीवर फुलांचा गुच्छ लावून तो हजर झाला होता. सप्टेंबर १७७४मध्ये त्याने राजकन्या अमेलियाच्या धर्मगुरूला, डॉ. बेल यांना, ईलिंगकडच्या रस्त्यावर लुटलं. मिळकत दीड शिलिंग आणि एक घड्याळ. घड्याळ त्याच्या मैत्रिणीकडून सावकाराच्या दुकानी गेलं. सावकाराला वहीम आला. त्याने ते घड्याळ बनवणाऱ्या घड्याळजीकडे चौकशी केली. घड्याळजीने आपलं काम ओळखलं आणि गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. पुढचं काम बो स्ट्रीटच्या माणसांचं. ३० नोव्हेंबर १७७४ रोजी रॅन टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, फासावर गेला. त्याला पकडायला कुणी जंगलात दबा धरून बसलं नव्हतं. एक सावकार आणि एक घड्याळजी एकमेकांशी बोलले, एवढंच झालं.

सुनावणी हा फील्डिंगचा दुसरा मोठा बदल. आधीचे जस्टिस घरच्या बैठकीत, सवडीने काम पाहत. त्याने कार्यालयाच्या वेळा ठरवल्या, खोलीला कोर्टाचं रूप दिलं, लोकांना आणि वार्ताहरांना दारं उघडी केली. नॅथॅनियल होनने १७६२मध्ये काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. भरलेला चेहरा आणि डोळ्यांच्या वर बांधलेली काळी पट्टी. चालताना तो हातातली छडी पुढे फिरवीत येई. समोरच्याला बोलतं करायचं आणि कान देऊन ऐकायचं ही त्याची पद्धत. तीन हजार गुन्हेगार तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, असं लंडनभर बोललं जाई. आकडा लोकांनी फुगवलेला असणार. ओळख पटवण्याचं खरं काम कारकुनांच्या वह्या करीत होत्या. पण त्या बोलबाल्याने आरोपीच्या पोटात गोळा येत असेल, तर फील्डिंगला तो खोडून काढायचं कारण नव्हतं.

त्याच्यासमोर एकदा इटलीचा बदनाम प्रेमवीर कॅसानोव्हा उभा राहिला होता. एका तरुणीने त्याच्यापासून जिवाला धोका असल्याची फिर्याद केली होती. डोळ्यांना पट्टी बांधलेला मॅजिस्ट्रेट आपल्याशी उत्तम इटालियनमध्ये बोलला, असं कॅसानोव्हाने आठवणींत लिहिलं आहे. घरदार असलेले दोन जामीनदार आणल्यावर त्याची सुटका झाली. आजही आपल्याकडे शांतता राखण्यासाठी जामीन किंवा मुचलका घेतात, तो याच जातीचा उपाय.

संशयित पकडला, पण पुरावा अपुरा असला तर? फील्डिंग त्याला काही दिवस अडकवून ठेवी, पेपरात जाहिरात देई आणि पुन्हा हजर करी. ज्यांना ज्यांना लुटलं गेलं त्यांनी येऊन आरोपीला पाहावं. अशा फेरचौकशीला बुधवारी गर्दी उसळे. तपासाच्या दृष्टीने हे फार उपयोगाचं होतं. न्यायाच्या दृष्टीने त्यात गोम होती, आणि ती त्याच्या हयातीतच लोकांनी दाखवली. खटला सुरू व्हायच्या आधीच आरोपीची जबानी पेपरात छापून येई, मग ज्यूरीचं मन कोरं कसं राहणार? १७७५चं पेरो बंधूंचं प्रकरण याचं उदाहरण. हे जुळे भाऊ बनावट रोख्यांच्या गुन्ह्यात अडकले. त्यांच्याबरोबर असलेल्या मिसेस रड या बाईला बो स्ट्रीटवर माफीची साक्षीदार करून घेतलं गेलं. नंतर सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला, की असं अभय देण्याचा मॅजिस्ट्रेटला अधिकारच नाही. बाईवर खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. दोघे भाऊ जानेवारी १७७६मध्ये फासावर गेले. कोण खरं बोलत होतं यावर लंडन दोन तट पडून भांडत राहिलं.

चोर-वाटमाऱ्यांखेरीज त्याचा कडकपणा आणखी कुठे दिसे? जुगाराचे अड्डे, कुंटणखाने, बेकायदा दारूची दुकानं यांच्यामागे तो सतत लागलेला असे. १७७३मध्ये त्याने 'द बेगर्स ऑपेरा' या लोकप्रिय संगीत नाटकाचे प्रयोग बंद करावेत अशी नाटकवाल्यांना गळ घातली. त्यातला वाटमाऱ्या नायक पाहून पोरं बिघडतात, हे त्याचं म्हणणं. नाटकवाल्यांनी दाद दिली नाही. रस्त्यावरची बेवारस मुलं त्याच्यापुढे चोर म्हणून येत, त्यांना न्यूगेटमध्ये टाकण्यापेक्षा कपडे देऊन जहाजांवर पाठवावं, या खटपटीत तो १७५६पासून होता. याच कामासाठी त्याच साली उभ्या राहिलेल्या मरीन सोसायटीशी त्याचा जवळचा संबंध. अनाथ मुलींसाठी लॅम्बेथला १७५८मध्ये निघालेल्या आश्रमामागेही तो होता. मुलीला चोरीच्या किंवा वेश्याव्यवसायाच्या वाटेला लागण्याआधी उचलायचं आणि घरकामाला तयार करायचं, असा तो आश्रम. दया होती, पण मुलगी पुढे काय होणार हे ठरवूनच केलेली.

आणि एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. वेस्ट इंडीजमधून मालकांबरोबर आणलेले कृष्णवर्णीय गुलाम लंडनमध्ये पाऊल ठेवताच स्वतंत्र समजू लागतात, पगार मागतात, इतरांनाही फितवतात, अशी तक्रार त्याने १७६८च्या पुस्तकात केली आहे. सुव्यवस्था म्हणजे ज्याने त्याने नेमून दिलेल्या जागी राहणं, ही त्याची समजूत होती. बो स्ट्रीटचं कार्यालय फीच्या लोभातून बाहेर काढणारा माणूस या बाबतीत आपल्या काळाच्या एक पाऊलही पुढे नव्हता.

सरकारशी त्याचं जमे ते पैशापर्यंत. सात वर्षांचं युद्ध संपून सैनिक घरी परतले, तशी रस्त्यांवर लूटमार वाढली. १७६३मध्ये त्याने लंडनच्या वेशींबाहेर घोडेस्वार गस्त सुरू केली. जेमतेम आठ-दहा स्वार, पण त्यांचा वचक बसला. गुन्हे कमी झाले तेव्हा खजिन्याने म्हटलं, आता गरज काय? दीडेक वर्षात गस्त बंद. पुन्हा सुरू व्हायला १८०५ उजाडलं.

खचून न जाता त्याने १७७२मध्ये शेवटची मोठी योजना काढली. देशभरच्या मेयरांना, मॅजिस्ट्रेटांना, तुरुंगाधिकाऱ्यांना पत्रं गेली: तुमच्याकडचे फरारी आणि पकडलेले संशयित यांची वर्णनं आम्हाला पाठवा. ती एकत्र छापून बो स्ट्रीटहून सगळ्यांना परत धाडली जात. लंडनचा चोर यॉर्कमध्ये दुसरं नाव घेऊन बसला असेल, तर त्याच्या गालावरचा व्रण तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याला आता वाचता येणार होता.

जून १७८०मध्ये कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगली उसळल्या. जमावाने न्यूगेटचा तुरुंग जाळला आणि बो स्ट्रीटच्या घरात घुसून सामान, कागदपत्रं, वह्या रस्त्यावर आणून पेटवून दिल्या. सर जॉन, त्याला १७६१मध्ये नाइट केलं होतं, तेव्हा ब्रॉम्प्टनला आजारी होता. ४ सप्टेंबर १७८० रोजी तो वारला.

बारा वर्षांनी, १७९२मध्ये, संसदेने बो स्ट्रीटच्या नमुन्यावर लंडनमध्ये सात कार्यालयं काढली आणि तिथल्या मॅजिस्ट्रेटांना चारशे पौंड पगार लावून दिला. फीवर जगणाऱ्या जस्टिसांचा धंदा तिथे बसला. १८२९मध्ये लंडनला पोलीस दल मिळालं, १८३९मध्ये रनर्स मोडीत निघाले. फील्डिंगने सुरू केलेलं फरारींच्या वर्णनांचं पत्रक मात्र चालू राहिलं, आणि पुढे 'पोलीस गॅझेट' या नावाने विसाव्या शतकातही छापून पोलीस ठाण्यांत पोहोचत होतं.